बर्नीसची कात्री

१ मे १९२०च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकात ‘बर्नीस बॉब्ज हर हेअर’ ही कथा छापून आली. लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याची पहिली कादंबरी बाजारात येऊन पाच आठवडे झाले होते आणि लग्नाला अजून महिना पुरा व्हायचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मतदानाच्या हक्कावर घटनादुरुस्तीचं शिक्कामोर्तब झालं. जॅझ, आखूड झगे आणि आखूड केस यांचं जे दशक पुढे याच लेखकाच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं, त्याच्या अगदी तोंडाशी ही कथा उभी आहे. शतक उलटलं तरी ती मला जुनी वाटत नाही. बायकांचे आखूड केस प्रचारात कसे आले, हे समजून घ्यायला फॅशनच्या इतिहासावरच्या कोणत्याही पुस्तकाइतकीच ती उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्या इतिहासाची नेहमीची उत्तरं ठरलेली आहेत. १९०९च्या सुमारास पॅरिसमधल्या आंत्वान या पोलिश केशरचनाकाराने जोन ऑफ आर्कच्या चित्रांवरून स्फूर्ती घेऊन एका नटीचे केस कापले. १९१४मध्ये अमेरिकेतली लाडकी नर्तकी आयरीन कासल अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात जाणार होती. तिथे केस सांभाळत बसायला नको म्हणून तिने ते आधीच कापून टाकले, आणि वर्षभरात ‘कासल बॉब’ची हवा झाली. मग पहिलं महायुद्ध आलं. दारूगोळ्याच्या कारखान्यांत यंत्रांपाशी आणि आघाडीवरच्या इस्पितळांत जखमींपाशी काम करणाऱ्या बायकांना कमरेपर्यंतचे केस धुणं, वाळवणं, विंचरणं परवडेना. ही सगळी कारणं खरी आहेत. पण घरात सुरक्षित असलेली, कारखान्याचं तोंडही न पाहिलेली एखादी श्रीमंत मुलगी एका दुपारी न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन का बसली, याचं उत्तर त्यांच्यात नाही. ते फिट्झजेराल्डने दिलं आहे.

कथा सुरू होते शनिवारी रात्री, एका कंट्री क्लबच्या नाचाच्या दिवाणखान्यात. खरं तर दिवाणखान्याबाहेर. लेखक आपल्याला आधी गोल्फच्या मैदानावर, अंधारात उभं करतो. तिथून क्लबच्या उजळलेल्या खिडक्या दिसतात आणि त्यांच्यासमोर हलणारी काळी डोकी दिसतात. गोल्फच्या काठ्या वाहणारी पोरं, मोटारींचे ड्रायव्हर, अशी आत प्रवेश नसलेली माणसं काचेतून आत बघत असतात. आत भिंतीकडेने वेताच्या खुर्च्यांवर बसलेल्या प्रौढ बायका म्हणजे नाट्यगृहातल्या सज्जातले प्रेक्षक. त्यांना तरुणांच्या चेहऱ्यांवरचे बारकावे दिसत नाहीत, तरी निकाल द्यायची घाई त्यांनाच असते. आणि रंगमंचावर नाचणारी मुलं-मुली. पहिल्याच परिच्छेदात फिट्झजेराल्डने सांगून टाकलं आहे की या जगात जे काही होईल ते कुणाच्या तरी नजरेसमोर होईल. वाचताना हे केवळ वातावरण वाटतं. कथेचा सांगाडा तोच आहे हे पुढे कळतं.

या रंगमंचावरचा एक रिवाज ठाऊक असला पाहिजे. नाच चालू असताना एखादा तरुण पुढे येऊन दुसऱ्याच्या हातातून त्याची जोडीदारीण मागून घेऊ शकतो. लोकप्रिय मुलगी दर काही पावलांवर नव्या हातात जाते. जिला कुणी मागत नाही, तिच्याबरोबरचा तरुण तिच्यापाशी अडकून पडतो, आणि त्याचं अडकणं सगळ्यांना दिसतं. विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअर गावाहून आपल्या नात्यातल्या बहिणीकडे, मार्जरी हार्वीकडे, पाहुणी आलेली बर्नीस ही अशी न मागितली जाणारी मुलगी आहे. दिसायला ती चांगली आहे, घरचीही श्रीमंत आहे. पण तिला बोलता येत नाही. हवा आणि मोटारी यांपलीकडे तिचं संभाषण सरकत नाही. तिच्यासोबत अडकलेला ओटिस दाराशी हातात लाकडाची फळी घेऊन उभा असतो आणि ही परत बाहेर आली की डोक्यात घालून आत ढकलतो, अशी थट्टा करतो. मित्र हसतात. फिट्झजेराल्ड या थट्टेवर काही भाष्य करत नाही. त्या हसण्यातला निर्दयपणा वाचणाऱ्याने स्वतः ओळखायचा.

मग ते चोरून ऐकलेलं संभाषण. रात्री मार्जरी आईपाशी कुरकुरत असते आणि बर्नीस दाराबाहेर थबकते. आपल्याबद्दलचं खरं मत असं कानावर पडणं ही कथा-कादंबऱ्यांतली जुनी युक्ती आहे. फिट्झजेराल्डचं वेगळेपण दुसऱ्या सकाळच्या प्रसंगात आहे. बर्नीस दुखावली आहे. आता मार्जरी शरमेल, माफी मागेल, आपण मोठ्या मनाने क्षमा करू, असं तिने गृहीत धरलं आहे. हा संवाद तिने पुस्तकांतून शिकलेला आहे. बोलता बोलता ती साध्या माणुसकीचं नाव काढते, तर मार्जरी म्हणते, लुइझा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चे दाखले देऊ नकोस. तो आदर्श ती तिथेच उडवून लावते : आपल्या आयांच्या पिढीला ठीक होतं ते, आपण तसं जगत नाही.

इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं. कारण ‘लिटल विमेन’मध्येही केस कापलेले आहेत. जो मार्च आजारी वडिलांकडे निघालेल्या आईच्या हाती ठेवायला आपले लांब केस पंचवीस डॉलरला विकून येते. ओ. हेन्रीच्या ‘गिफ्ट ऑफ द मॅजाय’मधली डेला नवऱ्याला नाताळची भेट घेण्यासाठी केस वीस डॉलरला विकते. एकोणिसाव्या शतकाच्या आणि त्याच्या लगतच्या साहित्यात चांगल्या बाईने केस कापले तर ते कुणासाठी तरी. केस हे तिचं धन, आणि त्याचा त्याग केला म्हणून ती आणखी चांगली. दोघींचे केस पुन्हा वाढणार आहेत हेही लेखक सुचवतात. बर्नीस हे असलं सगळं वाचून वाढलेली मुलगी आहे. पण तिचे केस कुणाच्याही औषधपाण्याला किंवा भेटवस्तूला लागणार नाहीत. ते फुकट जाणार आहेत. फिट्झजेराल्डने त्या पुस्तकाचं नाव मार्जरीच्या तोंडी घालून आपल्या कथेला मागचा एक मोठा पडदा लावून घेतला आहे. पुढचं केस कापणं त्या पडद्यावर पाहिलं म्हणजे त्याचा नवेपणा लख्ख दिसतो.

बर्नीस शरण येते आणि मार्जरी तिला शिकवायला घेते. भुवया नीट ठेव. नाचताना अंग ताठ धरू नकोस. ज्या मुलांकडे कुणी बघत नाही त्यांच्याशी आधी गोड वाग, कारण नाचायचा सराव त्यांच्यावरच होतो आणि गर्दी बघूनच गर्दी जमते. हे उपदेश इतके नेमके आहेत याला कारण आहे. लोकांना आवडशील अशी कशी होशील, या विषयावर फिट्झजेराल्डने काही वर्षांपूर्वी आपल्या धाकट्या बहिणीला, ॲनाबेलला, खरोखरच एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. त्यातली सामग्री इथे आली. म्हणजे मार्जरीच्या तोंडी जे कठोर शहाणपण आहे ते मुळात एका भावाचं आहे. त्यामुळेच मार्जरी निव्वळ खलनायिका होत नाही. ती म्हणते ते या जगापुरतं खरं असतं. लेखकाला ते पटतंही आणि त्याची शिसारीही येते. या दोन्ही भावना कथेत शेवटपर्यंत एकत्र नांदतात.

शिकवणीचं फळ म्हणजे एक वाक्य. जेवणाच्या टेबलावर बर्नीस शेजारच्या चार्ली पॉल्सनला विचारते की मी केस बॉब करू का? म्हणते, समाजात मोहिनी घालणारी बाई व्हायचं मी ठरवलं आहे आणि त्याची सुरुवात केसांपासून. पुढे ती भर घालते : केस कापायला बसेन तेव्हा बघायला तिकीट लावणार आहे. टेबलावरची माणसं कान टवकारतात. त्या आठवड्यात सगळ्या तरुण मंडळीत तिचं हे वाक्य फिरतं आणि मार्जरीचा हक्काचा चाहता वॉरन मॅकिन्टायर तिच्याकडे वळतो.

कथेतलं सर्वांत सूक्ष्म निरीक्षण माझ्या मते इथे आहे. बर्नीसचे केस जागेवर आहेत, लांब, तपकिरी, भरघोस. लोकप्रियता मिळाली ती केस कापल्याने नव्हे, कापण्याच्या गोष्टीने. १९२०च्या वसंतात अमेरिकेच्या त्या पट्ट्यात बॉब नेमका याच अवस्थेत होता. आयरीन कासलला लोकांनी पाहिलं होतं, न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधल्या चित्रकार आणि बंडखोर बायकांबद्दल ऐकलं होतं, पण आपल्या ओळखीच्या घरातली मुलगी तसं करत नव्हती. फॅशन येण्याआधी काही काळ ती अशी नुसती बोलण्यात असते. सगळे तिच्याबद्दल बोलतात आणि प्रत्येकाला खात्री असते की समोरचा ते करणार नाही. या खात्रीमुळेच बोलण्यात मजा असते. प्रश्न येतो तो कुणीतरी शब्द धरून बसतं तेव्हा.

मार्जरी शब्द धरते. वॉरन हातचा गेल्याचं लक्षात आल्यावर ती चारचौघांत म्हणते की बर्नीसचं केसांचं बोलणं म्हणजे नुसती थाप होती. टोळकं बर्नीसकडे बघतं. वॉरन बघतो. माघार घेतली तर ती पुन्हा हवा आणि मोटारींवर बोलणारी मुलगी होणार. ती म्हणते, चला न्हाव्याकडे. फॅशनच्या इतिहासात कोणी अशी नोंद करत नाही, पण मला वाटतं कित्येक नव्या गोष्टी पहिल्यांदा अशाच घडल्या असतील. धैर्य आणि कोंडी यांतलं नेमकं काय जास्त होतं हे त्या क्षणी त्या मुलीलाही सांगता आलं नसतं.

न्हाव्याच्या दुकानातलं ते पान-दीड पान ही कथेची चढण. दुकान हॉटेलातलं, पुरुषांचं. शेजारच्या खुर्चीवर एक गिऱ्हाईक दाढीला बसलेलं आहे. साबणाच्या फेसातून ते चकित होऊन वळून बघतं. बर्नीसच्या मनात फ्रेंच राज्यक्रांतीतली शिरच्छेदाची चित्रं येतात. न्हावी तिला फाशी देणारा वाटतो. गळ्याभोवती पांढरं कापड बांधतील ते रक्त कपड्यांवर पडू नये म्हणून, असा विचार तिच्या मनात येतो आणि ती स्वतःच तो दुरुस्त करते : रक्त नाही, केस. या दुरुस्तीत विनोद आहे, पण वाचताना हसू फुटत नाही. नंतर ती कासवाच्या पाठीचे कंगवे एकेक करून केसांतून काढते. आता हे केस पाठीवर मोकळे सोडल्यावर मानेला जाणवणारी ती जड, सुखद ओढ पुन्हा जाणवणार नाही, हे तिला कळतं. आधीच्या सगळ्या कथेत केस हे इतरांना दिसणारी वस्तू होते. या एका क्षणी ते तिला आतून जाणवतात. सौंदर्याची नव्हे, वजनाची ही आठवण आहे आणि ज्या तरुण पुरुषाने ती लिहिली त्याच्या संवेदनशीलतेपुढे मान तुकवावी लागते.

आता खिडकीकडे पाहा. बाहेर रस्त्यावर एक माणूस थबकतो, मग आणखी दोघं, मग काचेला नाकं चिकटवलेली लहान पोरं. कथेच्या आरंभी क्लबच्या काचेबाहेरून डोकावणारी डोकी होती, ती इथे परत आली. नाचघराचं नाट्यगृह न्हाव्याच्या दुकानात हललं आहे. बर्नीस थट्टेत तिकीट लावणार होती. प्रेक्षक जमले, फक्त पैसे तिला मोजावे लागत आहेत. आणि ऐन क्षणी, ती मोडून पडायच्या बेतात असताना, समोर मार्जरीच्या ओठांवर हलकं हसू उमटतं. ते दिसल्यावर बर्नीसची मान ताठ होते. फिट्झजेराल्डने पहिल्या मसुद्यातला बराच भाग छाटून ही कथा आटोपशीर केली. या पानांवर ती छाटणी जाणवते. एक वाक्य अधिक नाही.

वीस मिनिटांनी न्हावी खुर्ची आरशाकडे फिरवतो. केस कुरळे नाहीत, म्हणून ते चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना निर्जीव चपट्या ठोकळ्यांसारखे लोंबत आहेत. चेहरा फिका पडला आहे. चष्मा घरी विसरून आलेल्या ग्रेनिच व्हिलेजवालीसारखी ती दिसते. लांब केसांमुळे तिच्या चेहऱ्याला जो साधा सात्त्विकपणा होता तोच गेला.

ते केस इतके वाईट का दिसले याला व्यवसायातलं कारणही आहे. त्या काळातल्या बायकांच्या केशरचनाकारांचं सगळं कौशल्य लांब केसांभोवती रचलेलं होतं. तापवलेल्या चिमट्यांनी लाटा पाडायच्या, ही पॅरिसच्या मार्सेल ग्रातोची १८७०च्या दशकातली करामत. आत गंगावनाच्या उशा घालून केस उंच रचायचे. आकड्यांनी ते बसवायचे. केस कापणं हे त्यांचं काम नव्हतं आणि अनेकांनी सुरुवातीला साफ नकारही दिला. म्हणून अमेरिकेतल्या बायका पुरुषांच्या न्हाव्यांच्या दुकानात रांगा लावू लागल्या. तिथले हात पुरुषांच्या डोक्यांना सरावलेले. सरळ, दाट केसांचा बॉब कसा उतरवायचा, मानेशी तो कसा निमुळता करायचा, हे ज्ञान १९२०मध्ये त्या हातांत अजून आलेलं नव्हतं. तीन-चार वर्षांत ते आलं. मानेवर पुरुषी पद्धतीने उतरवलेला ‘शिंगल’ आणि त्याहून आखूड ‘ईटन क्रॉप’ दशकाच्या मध्यापर्यंत रुळले, डोक्याला घट्ट बसणारी घंटेच्या आकाराची क्लोश टोपी त्यांच्याबरोबर फिरू लागली आणि आखूड केस जागेवर धरणारी बॉबी पिन घरोघर पोचली. बर्नीस या सगळ्याच्या आधी त्या खुर्चीत बसली. तिचा घात हा असा काळाने केलेला आहे.

खुर्चीतून उठल्यावर जे होतं ते झपाट्याने होतं आणि लेखकही ते झपाट्याने सांगतो. ज्यांनी तिला मोटारीतून इथवर आणलं तीच मुलं गप्प होतात. वॉरनचे डोळे थंड होतात आणि मार्जरी त्याला सहज आपल्याबरोबर घेऊन जाते. घरी मार्जरीची आई हादरते. उद्या या दोघी मुलींसाठी नाच ठेवला आहे तो मिसेस डेयो यांनी, आणि त्यांनी तर तरुण पिढीच्या उणिवांवर क्लबात निबंध वाचताना आखूड केसांवर पंधरा मिनिटं घालवली होती. लांब केस हे स्त्रीचं भूषण, अशी शिकवण बायबलमध्ये संत पॉलच्या पत्रात आहे आणि त्या दशकात कित्येक धर्मोपदेशकांनी तिचा आधार घेऊन बॉबचा निषेध केला. फिट्झजेराल्डला प्रवचन लिहायचं नाही, म्हणून त्याने निषेधाला एका यजमानीणबाईंचा चेहरा दिला. ते जास्त खरं आहे. अठराच्या मुलीला देवाच्या कोपापेक्षा उद्या संध्याकाळच्या पार्टीची भीती अधिक वाटते.

मराठी वाचकाच्या मनात केस कापण्याचा प्रसंग म्हटला की हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू उभी राहते. तिथेही एक न्हावी आहे, एक असहाय मुलगी आहे, आणि घरातली माणसं आहेत. दोन प्रसंगांची तुलना करू नये इतकं त्यांच्यात अंतर आहे. यमूला जबरदस्तीने विद्रूप केलं जातं, तिचं माणूसपण हिरावलं जातं. बर्नीसचा एक आठवडा वाया जातो. तरीही हरिभाऊ वाचलेल्या माणसाला बर्नीसची कथा वाचताना एक गोष्ट अमेरिकी वाचकापेक्षा लवकर दिसते, असं मला वाटतं : बाईच्या केसांचं काय करायचं हे ठरवायला किती माणसं भोवती जमतात. बर्नीस स्वतः होकार देते, स्वतः चालत जाते, आणि तरी त्या दुकानातली कात्री तिची नसते. ती मार्जरीची असते. हे जाणवलं की कथेचा शेवट वेगळ्याच बळाने अंगावर येतो.

शेवटाची तयारी लेखकाने फार आधीपासून केली आहे. त्याच रात्री मार्जरी बर्नीसच्या खोलीत येते, वरवर हळहळते आणि बोलता बोलता आपल्या सोनेरी केसांच्या वेण्या घालते. बोटांखाली त्या वेण्या चुळबुळणाऱ्या सापांसारख्या हलतात. बर्नीस बघत राहते. त्याहून मागे, आईशी कुरकुरताना मार्जरीने बर्नीसच्या अबोलपणाचं खापर तिच्या अंगातल्या रेड इंडियन रक्तावर फोडलं होतं. त्या बायका गप्प बसून असायच्या, असं ती म्हणाली होती. हा त्या वर्गाचा उघड वंशद्वेष आहे. पण लेखकाने तो शेवटी परत वापरला आहे. बर्नीस जे करते त्याला ती स्वतः टाळूसकट केस उतरवून नेण्याच्या भाषेत नाव देते. रचना म्हणून हे धागे घट्ट जुळतात. तरीही आज वाचताना मला तिथे ठेच लागते, कारण ज्या खऱ्या समाजाबद्दलचा हा साचा आहे त्याला कथा कुठेच प्रश्न करत नाही. रसग्रहण करताना हा डाग झाकायचं कारण नाही.

मध्यरात्र उलटते. बर्नीस सामान भरते, मावशीसाठी चिठ्ठी लिहिते, गावी जाणाऱ्या गाडीची वेळ बघते. मग ती कात्री घेऊन मार्जरीच्या खोलीत जाते. मार्जरी निर्धास्त झोपली आहे. बर्नीस एक वेणी हातात धरून डोक्याजवळ कापते, मग दुसरी. न्हाव्याच्या दुकानातल्या प्रसंगाला लेखकाने जेवढी जागा दिली तिच्या तुलनेत हे पटकन उरकतं. फाशीचे तख्त नाहीत, राज्यक्रांतीची चित्रं नाहीत, हात कापत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, कुणी बघत नाही. गोल्फच्या मैदानापासून न्हाव्याच्या काचेपर्यंत एकही प्रसंग प्रेक्षकांशिवाय न घडलेल्या या कथेत ही पहिली कृती आहे जी बर्नीस कुणाच्याही नजरेसाठी करत नाही. वॉरनच्या घरापुढून जाताना ती त्या वेण्या त्याच्या ओसरीवर भिरकावते, खुदकन हसते, बॅग उचलते आणि चांदण्यातल्या रस्त्याने अर्धवट पळत सुटते.

काही वाचकांना हा सूड वाटतो, काहींना पोरकटपणा. मी त्याला तिचं पहिलं स्वतःचं वाक्य म्हणेन. इतके दिवस ती आधी ‘लिटल विमेन’चं, मग मार्जरीचं बोलणं बोलत होती. आपल्या डोक्याकडे कोण कसं बघेल याचा विचार त्या रात्री तिच्या मनातून निघून गेला आहे. केस तितकेच वाईट कापलेले आहेत. त्यांच्यात काही फरक पडलेला नाही. पण आता ते तिचे आहेत.

कथेबाहेर काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. त्याच वर्षी ‘फ्लॅपर्स अँड फिलॉसॉफर्स’ या संग्रहात ही कथा आली. १९२३च्या ‘फ्लेमिंग यूथ’ या चित्रपटातून कॉलीन मूरचे कपाळावर सरळ उतरलेले आखूड केस देशभर गेले. पाठोपाठ लुईझ ब्रूक्सचा काळाभोर, टोपासारखा बॉब आला, तो आजही त्या दशकाचं चित्र म्हणून छापला जातो. १९२७मध्ये ‘पिक्टोरिअल रिव्ह्यू’ या मासिकात ऑपेरा गायिका मेरी गार्डनने आपण केस का कापले हे लिहिलं आणि त्याच वेळी चित्रपटतारका मेरी पिकफर्डने आपण का कापले नाहीत हे लिहिलं. आपल्या सोनेरी कुरळ्या बटांवर प्रेक्षकांचा जीव आहे हे पिकफर्डला माहीत होतं. पुढच्याच वर्षी, १९२८मध्ये, तिने त्या कापल्या आणि वर्तमानपत्रांनी ती मोठी बातमी केली. तेव्हा लोकांना वाईट वाटलं खरं, पण आखूड केसांचं नवल कुणाला उरलं नव्हतं. बर्नीसच्या रात्री झोपेतून उठून किंचाळली असेल ती मार्जरी त्या वेळी सव्वीसेक वर्षांची असती आणि बहुधा आपण होऊन केस कापून घेऊन बसली असती.

जोन मिक्लिन सिल्व्हरने १९७६मध्ये या कथेवर टीव्हीसाठी चित्रपट केला, त्यात शेली डुव्हालने बर्नीस केली आहे. तो पाहण्यासारखा आहे, पण आधी कथा वाचा. ती प्रताधिकारातून मोकळी झालेली आहे आणि इंग्रजीत फुकट मिळते. पाऊण तासात वाचून होते. एकदा गोष्टीसाठी वाचा आणि दुसऱ्यांदा, प्रत्येक प्रसंगात कोण कोणाकडे बघतं आहे एवढंच लक्षात ठेवून वाचा. आणि मराठी अनुवादकांना विनंती, ती बोलत्या, तरुण मराठीत आणा. आपल्याकडच्या अठरा वर्षांच्या मुलींना ती लगेच कळेल.